लागेल तेवढंच

घरातला संगणक घुरघुरायला लागला, तेव्हा त्याला गप्प करायची जबाबदारी भांडारपालांनी स्वतःहून अंगावर घेतली. कोणी दिली नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांनी ती जावयावर, समोरच्या डॉक्टरांवर, सोसायटीच्या सेक्रेटरींवर आणि एकदा तर विजेच्या कमीजास्त दाबावर ढकलून पाहिली.

भांडारपाल म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य भांडाराचे निवृत्त प्रमुख. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सगळे त्यांना भांडारपालच म्हणत, आणि तेही स्वतःला तसंच समजत. पाइप, झडपा, नट, बोल्ट आणि वॉशर यांच्या सहवासात त्यांनी बत्तीस वर्षं काढली आणि त्या बत्तीस वर्षांत भांडारातून एक खिळाही गहाळ झाला नाही. यामागचं तत्त्व सोपं होतं. वस्तू बाहेरच पडली नाही, तर ती हरवणार कशी? 'लागेल तेवढंच, आणि लागतंय हे कागदावर सिद्ध झाल्यावर' अशी पाटी त्यांनी खिडकीवर लावली होती. खिडकीतून मागणीपत्र आत यायचं, भांडारपाल ते उजेडात धरायचे, त्यात काहीतरी कमी निघायचंच, आणि मग ते शांतपणे म्हणायचे, "उद्या या." शहराचे नळ गळत राहिले, भांडार मात्र भरलेलं राहिलं. वॉशरचं माप नुसत्या नजरेने सांगणारा खात्यातला एकमेव माणूस अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

संगणक खरं तर त्यांच्या पत्नीचा. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांना जग बाई म्हणे. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तकं वाचून दाखवणारी एक सेवा होती. तिच्यासाठी बाई मागच्या खोलीत दार लावून माइकसमोर बसत आणि कादंबरीचं एकेक प्रकरण वाचून संगणकात भरत. ते सेवेकडे पाठवलं की ठरलेल्या संध्याकाळी चाळीस श्रोत्यांना टेलिफोनवर ऐकायला मिळे. सेवेने श्रोत्यांची नावं गुप्त ठेवलेली. बाईंना ते नंबराने माहीत. सध्या एक रहस्यकादंबरी चालू होती. टेकडीवरच्या बंगल्यात, आतून बंद असलेल्या खोलीत म्हाताऱ्या मालकाचा खून झालेला. संशय नर्सवर, पुतण्यावर, घड्याळजीवर आणि बंगल्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या कोठीवाल्यावर. चोवीसपैकी तेवीस प्रकरणं पाठवून झाली होती. चोविसावं, म्हणजे खुनी कोण ते सांगणारं, रविवारी पाच वाजेपर्यंत पोचायलाच हवं होतं. सहा वाजता चाळीस माणसं कानाला टेलिफोन लावून बसणार होती.

बाविसाव्या प्रकरणापासून संगणकाच्या पंख्याची घुरघुर वाचनात मिसळायला लागली. सेवेने 'कृपया लक्ष द्यावे' एवढंच कळवलं, पण श्रोत्यांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला. सात नंबरच्या श्रोत्याने बाईंना मुद्दाम फोन करून सांगितलं, "बाई, बंगल्यात जनरेटर चालू आहे ना? म्हणजे वीज गेली होती. म्हणजे नर्सने खिडकीत दिवा पाहिला हे खोटं. पण मी तिच्यावर जात नाही. खुनी कोठीवालाच. किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात, तो माणूस आतून चांगला नसतो. माझा अनुभव आहे."

बाईंनी हे चहाच्या वेळी नवऱ्याला अक्षरशः म्हणून दाखवलं. भांडारपालांनी कप खाली ठेवला.

"कोण आहे हा सात नंबर?"

"मला काय ठाऊक? पण फार हुशार आहे हो."

"पूर्वग्रहदूषित आहे," भांडारपाल म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांनी संगणक दुरुस्त करायचं ठरवलं.

बाई मोबाइलवर वाचू शकल्या नसत्या का, असं कोणी विचारील. दोनदा वाचलं होतं. एकदा ऐन खुनाच्या वेळी गॅसचा नंबर लावा असा फोन आला, आणि दुसऱ्यांदा सेवेने प्रकरण परत पाठवून लिहिलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. चांगला माइक संगणकालाच लागायचा.

शुक्रवारी सकाळी जावयाला फोन झाला. जावई दुसऱ्या देशात संगणकाचंच काही करी. तो म्हणाला, "बाबा, मशीन जुनं आहे, त्याच्यावर भार फार झालाय. आतली जुनी प्रणाली काढून लिनक्स टाका. हलकं असतं. मी सांगतो ते घ्या, त्यात सगळं आयतं येतं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. गाणी, चित्रं, खेळ, हिशोब, पत्रं."

"मागितलेलं नसताना?"

जावयाला प्रश्न कळला नाही. भांडारपालांना मात्र उत्तर कळलं. मागणी नसताना माल वाटणाऱ्या माणसाच्या हाती आपण मुलगी दिली, याची त्यांना पहिल्यांदाच काळजी वाटली.

"याच्यात कमीत कमी काय असतं?" त्यांनी विचारलं.

"एक मिनिमल म्हणून असतं बाबा. त्यात काहीच नसतं. जे लागेल ते आपण एकेक मागून घ्यायचं. पण ते तुम्ही..."

पुढचं वाक्य भांडारपालांनी ऐकलं नाही. एवढ्या वर्षांनी जगात कोणीतरी त्यांच्या तत्त्वावर चालणारं यंत्र बनवलं होतं. आधी काही द्यायचं नाही. मागितलं तरच द्यायचं. त्यांना त्या अज्ञात माणसाला अभिनंदनाचं पत्र लिहावंसं वाटलं.

जुना सगळा माल त्यांनी आधी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या आणि चिठ्ठ्यांवर सही केली. या बाबतीत त्यांना नाव ठेवायला जागा नाही. मग नवीन लिनक्स टाकायला घेतलं. मधे एक यादी आली: काय काय बसवायचं? प्रत्येकासमोर एक चांदणी. भांडारपालांनी चष्मा पुसला आणि एकेक चांदणी खोडत गेले. डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची चित्रं आणि चौकटी. कशाला? प्रिंटर. घरात नाही. शेवटी 'नेहमीची साधनं' असं काहीसं होतं. नेहमीची म्हणजे कोणाची? कारण दिलेलं नाही. खोडलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. पंखा बंद. खोलीत इतकी शांतता की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"झालं," भांडारपाल म्हणाले.

बाई दारातून डोकावल्या. "कुठे झालं? पडदा तर बंद आहे."

"चालू आहे. ती रेघ बघ. ती आपली मागणी ऐकायला उभी आहे."

"मग तिला सांगा, बाईंना चोविसावं प्रकरण वाचायचंय."

भांडारपालांनी कीबोर्डवर डेस्कटॉप मागवला. यंत्राने कळवलं की बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. संपर्कासाठी वायफाय हवं. वायफाय सुरू करायचं तर त्यासाठी लागणारा एक छोटासा माल बाहेरून आणावा लागेल. आणि बाहेरून आणायचा तर संपर्क हवा. भांडारपालांनी ते तीनदा वाचलं. असा चोख अडथळा त्यांना स्वतःलाही बत्तीस वर्षांत सुचला नव्हता, आणि क्षणभर त्यांना रागाऐवजी आदर वाटला.

आदर ओसरल्यावर ते समोर गेले. समोरच्या फ्लॅटमधे होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा दवाखाना. इंटरनेट दोन्ही घरांत मिळून एकच, आणि त्याचा डबा डॉक्टरांच्या औषधांच्या कपाटावर. डॉक्टर सावकाश माणूस.

"संगणकाला कधीपासून होतंय हे?"

"सकाळपासून. मला फक्त तुमच्या डब्यापासून माझ्या खोलीपर्यंत एक वायर हवी आहे."

"वायरने लक्षण दबेल. मूळ तसंच राहील. डाव्या बाजूला जास्त तापतो की उजव्या?"

"आता तापतच नाही."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आत गेलं."

वायर न्यायला त्यांची हरकत नव्हती. पण दोन दारांमधे जिना आणि सामाईक मोकळी जागा, आणि सामाईक जागा म्हणजे सेक्रेटरी. सोसायटीच्या सेक्रेटरी तळमजल्यावर राहात आणि दाराच्या साखळीएवढ्या फटीतून कारभार करत. भांडारपाल अर्ज लिहूनच घेऊन गेले. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

सेक्रेटरींनी अर्ज उजेडात धरला.

"वायर तात्पुरती म्हणजे किती दिवस?"

"दोन तास."

"तास असा रकाना नाहीये. दिवस लिहा."

"मग शून्य दिवस लिहू?"

"शून्य दिवसांना परवानगी कशाला लागते?"

भांडारपालांनी एक दिवस लिहिलं.

"लांबी अंकात आहे," सेक्रेटरी म्हणाल्या. "अक्षरी लिहिलेली नाही. शिवाय कमिटीतल्या आणखी एकाची सही हवी, आणि ते लग्नाला गेलेत." त्यांनी अर्ज फटीतून परत केला. "उद्या या."

भांडारपाल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिले. हे दोन शब्द त्यांनी आजवर हजारो वेळा उच्चारले होते, पण समोरच्या बाजूने कधी ऐकले नव्हते. तिकडून ते बरेच लांब वाटत होते.

शनिवारी दुपारी परवानगी मिळाली. वायर आली, औषधांच्या कपाटावरून उतरून, डॉक्टरांच्या उंबऱ्यावरून, सामाईक जागेतून, भांडारपालांच्या दिवाणखान्यातून मागच्या खोलीत. पहिल्या तासात तिच्यात पाय अडकून एक पेशंट पडला. त्याची जुनी पाठदुखी पडल्याबरोबर थांबली, आणि डॉक्टरांनी ते श्रेय औषधाकडे घेतलं. दुसरा पेशंट वायर ओलांडताना म्हणाला, "कशाला एवढं? माझ्या मेव्हण्याने बंद करून परत चालू केला, तर सुटला." तिसरा नुसताच दारात उभा राहून बघत होता. तो पेशंट नव्हताच, असं नंतर कळलं.

डेस्कटॉप मागवताना यंत्राने फार विनम्रपणे विचारलं, की याच्याबरोबर शिफारस म्हणून आणखी काही माल येतो, तो देऊ का? शिफारस हा शब्द भांडारपालांसमोर उच्चारायचा नसतो. त्यांच्या नोकरीतली सगळी भांडणं शिफारशीवरून झालेली. त्यांनी बाणेदारपणे 'नाही' दाबलं. एकदा नव्हे, विचारलं तितक्या वेळा.

संध्याकाळपर्यंत पडदा राखाडी झाला. काळ्याचा राखाडी झाला, ही प्रगतीच होती. त्यावर काही नव्हतं. ना चित्र, ना चौकट, ना घड्याळ. बाईंचं वाचन भरून घेणारा कार्यक्रम त्यांनी मागवून ठेवला, एक दिवसाची मुदत संपली म्हणून वायर गुंडाळून, तिची लांबी मोजून डॉक्टरांना परत केली आणि पोच घेतली. जेवताना ते प्रसन्न होते.

"उद्या अकराला बैस वाचायला," ते म्हणाले. "पिन पडली तर ऐकू येईल."

रविवारी अकराला बाई बसल्या. दहा मिनिटं त्यांनी सुरेख वाचलं. मग दोघांनी ते ऐकून पाहिलं. पिन पडली असती तर तीही ऐकू आली नसती. दहा मिनिटांची निखळ, निर्मळ शांतता भरली गेली होती.

"पंख्याचा आवाज गेला," भांडारपाल म्हणाले.

"माझाही गेला," बाई म्हणाल्या.

आवाज हा वेगळा मागावा लागतो, हे भांडारपालांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पंखा बंद करायच्या नादात त्यांनी यंत्राला ठार बहिरं आणि मुकं करून ठेवलं होतं. आणि आता मागावं, तर वायर परत केलेली. डॉक्टर रविवारचे गावाला, दवाखान्याला कुलूप. जावयाकडे पहाट, आणि तो फोन बंद करून झोपणाऱ्यांतला. साडेबारा वाजले, दीड वाजला. भांडारपाल मागच्या खोलीत शांतपणे फेऱ्या मारत होते. आपला निर्णय तत्त्वतः बरोबरच होता, फक्त अंमलबजावणीत आवाज राहून गेला, असं ते दर फेरीला सांगत होते.

बाई काही बोलत नव्हत्या. पुस्तकाला खुणेचा कागद घालून त्या खुर्चीत बसल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात भांडारपालांना बाईंच्या बोलण्याची भीती कधी वाटली नव्हती.

"चौतीस नंबरच्या आजी आहेत ना," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या हॉस्पिटलमधे आहेत. उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. काल फोन आला होता. म्हणाल्या, बाई, खुनी कळल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

भांडारपालांच्या फेऱ्या थांबल्या.

"एक माणूस आहे," बाई म्हणाल्या. "सात नंबर. त्याचा संगणक म्हणे असाच आहे, चित्रांबित्रांशिवायचा. सगळं ऐकून चालवतो."

"त्याला विचारायचं? मला?"

"नाहीतर त्या आजींना तुम्ही फोन करा."

बाईंनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर मांडला. पलीकडचा आवाज उत्साही होता. "बोला बाई. चोविसावं झालं का भरून?"

"नाही ना. तेच सांगायला केला. आमचे हे बोलतायत, त्यांना जरा मदत करा."

भांडारपालांनी घसा खाकरला. "मदत अशी नकोय. एक किरकोळ शंका आहे. तुम्ही उत्तर लेखी पाठवलंत तरी चालेल. मग आम्ही उद्या बघू."

फोनवर शांतता पसरली. इतकी, की यंत्राची साथ फोनला लागली असं भांडारपालांना वाटलं.

"ते शेवटचं परत म्हणता का?" पलीकडून आवाज आला.

"काय? उद्या बघू?"

"तोच आवाज. फक्त तेव्हा तुम्ही 'उद्या या' म्हणायचात. पाणीपुरवठा, मुख्य भांडार, खिडकी नंबर दोन."

"कोण बोलतंय?"

"फिटर, साहेब. पंपघर नंबर चार. अर्धा इंची रबरी वॉशर, एक नग. अकरा फेऱ्या."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भांडारपालांना सगळं आठवलं, आणि दुर्दैवाने तपशीलवार आठवलं. "तुमच्या मागणीपत्रावर नगसंख्या अक्षरी लिहिलेली नव्हती," ते म्हणाले.

"एक ही संख्या अक्षरी लिहायला मी पाचव्या फेरीला शिकलो. सहाव्या फेरीला शाई हिरवी होती. सातव्या फेरीला तुम्ही जेवायला गेला होतात. अकराव्यानंतर मी सायकलची ट्यूब कापून वॉशर बनवला आणि लावला. अजून टिकलाय म्हणतात. पुढे काचबिंदूने माझे डोळे गेले, तेव्हा मनात आलं, चला, आता ती खिडकी तरी दिसणार नाही."

हे त्याने अगदी मजेत सांगितलं. भांडारपाल खुर्चीवर बसले.

"बरं, मागणी काय आहे साहेब?"

"संगणकातून आवाज हवा आहे."

"कारण?"

"कारण काय, आवाज येत नाही."

"ही त्रुटी झाली. येत नाही हे कारण नव्हे. लागतो कशासाठी, ते सांगा."

भांडारपालांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. "माझ्या पत्नीला वाचायचं आहे," ते म्हणाले.

"पुढे?"

"चाळीस माणसं वाट बघतायत. एका आजींचं उद्या ऑपरेशन आहे."

"पुढे?"

घड्याळात पावणेतीन झाले होते. भांडारपालांनी चष्मा काढला. "आणि चांगलं चाललेलं मी बिघडवलंय," ते म्हणाले.

"आता मागणीपत्र पूर्ण झालं," फिटर म्हणाला. "मंजूर. तुमचा मोबाइल आहे ना? त्याची चार्जिंगची वायर संगणकाला लावा. मोबाइलचंच इंटरनेट मिळेल."

"तेवढ्यावर चालतं?"

"चालतं की. का?"

"काही नाही," भांडारपाल म्हणाले. सेक्रेटरी, अर्ज, अक्षरी लांबी, लग्नाला गेलेले सभासद आणि पडलेला पेशंट हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेलं.

मग कामाला सुरुवात झाली. फिटर एकेक अक्षर सांगे, भांडारपाल ते एका बोटाने दाबत आणि यंत्र पडद्यावर जे लिही ते वाचून दाखवत. फिटरच्या घरी संगणकाला पडदाच नव्हता. आपल्या काय उपयोगाचा, म्हणून त्याने तो मुलीला देऊन टाकला होता. यंत्र प्रत्येक ओळ त्याला बोलून दाखवी. त्यामुळे त्याला सगळं पाठ. भांडारपालांनी एकदा 'अमुक बसवता येत नाही, कारण तमुक नाही' असं वाचलं, तर फिटर म्हणाला, "आधी तमुक मागा. तमुकला ढमुक लागेल. असंच असतं. तुमच्याकडे पाइप मागितला तर सॉकेटचं मागणीपत्र वेगळं लागायचं, विसरलात?" भांडारपाल विसरले नव्हते. मधे त्यांनी एक अक्षर गाळलं. फिटर शांतपणे म्हणाला, "चूक आहे. पुन्हा पहिल्यापासून." त्याच्या आवाजातलं सुख भांडारपालांना ओळखीचं होतं. ते त्यांच्याच भांडारातलं होतं.

शिफारस म्हणून आणखी माल देऊ का, असं यंत्राने पुन्हा विचारलं.

"काय करू?" भांडारपालांनी विचारलं.

"हो म्हणा की. देतोय तर घ्या."

भांडारपालांनी डोळे मिटून 'हो' दाबलं.

साडेतीनला सगळा माल आला. आवाज तरीही नाही. "पट्ट्या दिसतायत का उभ्या?" फिटरने विचारलं. "त्यांच्या खाली दोनदा एम असेल. म्हणजे तोंड बांधलेलं आहे. नवीन यंत्र येतं ते तोंड बांधूनच. एम दाबा, सुटेल. मग माइकच्या पट्टीवर जा आणि लांब बटण दाबा."

भांडारपालांनी तसं केलं. स्पीकरमधून बारीक 'टप्' झालं. खोलीत कोणीतरी आल्यासारखं वाटलं.

"आता अर्धा मिनिट काहीतरी बोला माइकवर," फिटर म्हणाला. "भरलं जातंय का बघू."

बाई घशासाठी कोमट पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या. काय बोलावं, भांडारपालांना सुचेना. लेखी मजकुराशिवाय ते कधी बोललेच नव्हते. त्यांनी समोरचं पुस्तक उचललं. खुणेच्या कागदापासून वाचलं तर बाईंचं पान बिघडेल, म्हणून त्यांनी शिस्तीत शेवटचं पान काढलं आणि भांडारपालाला शोभेल अशा खणखणीत आवाजात वाचायला लागले:

"'होय, मीच,' कोठीवाला म्हणाला. 'किल्ल्या माझ्याकडेच होत्या. इतकी वर्षं माणसं माझ्या दाराशी आली आणि मी त्यांना हात हलवत परत पाठवलं. मला त्यात सुख वाटायचं. आज त्याची लाज वाटते.'"

भांडारपाल थांबले. फोन टेबलावर तसाच चालू होता.

"साहेब," फिटर म्हणाला, "आवाज स्पष्ट आला."

"हे पुस्तकातलं आहे."

"पुस्तकातलंच की. दुसरं कुठलं असणार? फक्त मागे जराशी खरखर होती. परत एकदा वाचता?"

खरखर अजिबात नव्हती. भांडारपालांना ते पक्कं ठाऊक होतं, आणि फिटरला ते ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. त्यांनी पान सरळ केलं आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला, पहिल्यापेक्षा सावकाश. शेवटच्या वाक्याशी त्यांनी चष्म्यावरून फोनकडे पाहिलं.

"मिळालं," फिटर म्हणाला.

बाई पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "सात नंबर, शेवट कोणाला सांगायचा नाही हं."

"बाई, मी काही ऐकलंच नाही," फिटर म्हणाला. "माझा मेला फोन खराब आहे."

चार वाजून पाच मिनिटांनी बाईंच्या खोलीचं दार लागलं. भांडारपाल बाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. दारावरची घंटा त्यांनी उतरवून ठेवली होती. सेक्रेटरी वायरच्या मुदतीबद्दल विचारायला वर आल्या, त्यांना भांडारपालांनी ओठांवर बोट ठेवून खालच्या पायरीपर्यंत पोचवलं. पाचाला आठ मिनिटं असताना प्रकरण गेलं. पंख्याची घुरघुर नाही, जनरेटर नाही. सहा वाजता चाळीस माणसांनी ऐकलं. साडेसहाला चौतीस नंबरच्या आजींचा फोन आला की मला नर्सचाच संशय होता, पण असो, आता उद्याची काळजी नाही. पावणेसातला सात नंबरचा फोन आला. "बाई, काय धक्का बसला हो. कोठीवाला? मला तर स्वप्नातही वाटलं नव्हतं."

सोमवारी सकाळी भांडारपालांनी माळ्यावरून एक डबा काढला. त्यात वॉशर होते, त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हौसेने घेतलेले, पावतीसकट. डबा उघडून त्यांनी एक नजर टाकली आणि एक अर्धा इंची रबरी वॉशर उचलला. मापायची गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच ते मागणीपत्राशिवाय माल घेऊन निघाले होते. जिना उतरताना त्यांना थोडं हलकं, थोडं बेकायदा वाटलं. पोच लिहून घ्यायला त्यांनी वही मात्र बरोबर ठेवली. एकदम सगळंच सुटत नाही.

फिटरचं घर बसस्टॉपच्या मागे, पहिल्या मजल्यावर. त्याने आवाजावरून ओळखून दार उघडलं, खुर्ची दाखवली, चहा टाकला. भांडारपालांनी वॉशर त्याच्या तळहातावर ठेवला. "अर्धा इंची. रबरी," ते म्हणाले. "नग एक. अक्षरी."

फिटरने तो अंगठा आणि बोट यांत धरला. एकदा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग पुढे होऊन वॉशर भांडारपालांच्या वहीवर अलगद ठेवला.

"पाऊण इंची आहे, साहेब," तो म्हणाला. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी बरोबर दहा वाजता भांडारपाल गेले. जाताना मोजपट्टी घेऊन.